सोळा पानांचा एक फॉर्मा

डिसेंबरात गॅदरिंग उरकलं की शाळेत दुसरी धावपळ सुरू होते, वार्षिकांकाची. लेख, कविता, मुख्याध्यापकांचं मनोगत हे सगळं जमतं हो, पण अंक खरा कळतो तो प्रेसमध्ये गेल्यावर, कारण तिथली भाषाच वेगळी आहे आणि मला मनापासून वाटतं की ती मुलांच्या कानावर पडलीच पाहिजे.

पहिला शब्द फॉर्मा. प्रेसमधल्या टेबलावर असतो तो डबल क्राउन मापाचा कागद, 20 बाय 30 इंच. याला तीन घड्या घातल्या की कागदाचे आठ भाग होतात आणि पाठपोट धरून 16 पानं, हा झाला एक फॉर्मा. म्हणूनच 50 पानांचा मजकूर घेऊन गेलं की प्रेसवाले म्हणतात, दोन पानं कमी करा, 48 मध्ये बसवा, तीन फॉर्मे पूर्ण होतील.

आता डमी, म्हणजे अंकाचा कोरा नमुना. ही मला सगळ्यात आवडते. तोच घडी घातलेला कागद, त्यावर पेन्सिलीने 1 ते 16 आकडे टाकायचे आणि उलगडायचा. बघा, 1 च्या शेजारी 16 आलं आणि वरच्या बाजूला 8 चक्क उलटं! मुलं हे बघून थक्क होतात, दोन-दोनदा घडी घालून बघतात.

ब्लीड म्हणजे फोटो पानाच्या कडेपर्यंत हवा असेल तर कापायच्या रेषेबाहेर 3 मिलिमीटर जास्त ठेवायचा. फोटो 300 डीपीआयचा हवा, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके, सहा इंच रुंद छापायचा तर 1800 पिक्सेल लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मजकूर श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलाय की युनिकोडमध्ये ते आधीच विचारून घ्या, नाहीतर अक्षरांचा पार चुथडा होतो.

शेवटी प्रूफ, म्हणजे चुका तपासायला काढलेली प्रत. इथे घाई नको, विशेषतः ग्रुप फोटोखालच्या नावांना. दहावीचा हा फोटो या मुलांच्या घरी कितीतरी वर्षं राहणार आहे. प्रूफ तपासणाऱ्या या दोघी मुली बघा, एक फोटोतल्या चेहऱ्यावर बोट ठेवतेय, दुसरी मोठ्यानं नावं वाचतेय, मागची रांग, डावीकडून... थांब थांब, रांगेत नऊ जण आहेत आणि नावं आठच. प्रेसला फोन लावा.