आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: पीएचपी शिकताना अडलेल्यांशी आणि त्यांना मदत करणाऱ्यांशी

नमस्कार. आज समोर पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रॅमिंग भाषा शिकणारी मुलंमुली बसली आहेत, आणि त्यांचं अडलं की मदतीला धावणारे शिक्षक आणि मोठे विद्यार्थीही आहेत. मला दोघांशी बोलायचं आहे. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली बारा वर्षं वेब प्रोग्रॅमिंग शिकवते, आणि एक वाक्य जवळजवळ रोज ऐकते: “मॅडम, चालत नाहीये.”

हे वाक्य ऐकून काही शिक्षक चिडतात. ‘काय चालत नाही ते नीट सांग ना,’ म्हणतात. पण नीट सांगायला आत काय काय चालतं हे ठाऊक असावं लागतं, आणि तेच त्याला अजून ठाऊक नसतं. माझा अनुभव असा, की नवशिक्याचं घोडं सेमिकोलनपाशी फार काळ अडत नाही. ते अडतं एका चित्रापाशी: हे काम कोण करतंय, आणि केव्हा करतंय? पान तयार करून पाठवणारा सर्व्हर, ते दाखवणारा ब्राउझर की माहिती साठवणारा डेटाबेस? मदत करणाऱ्यानं आधी हे चित्र उभं करायला हवं. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गोंधळ का होतो, त्याचं मूळ या भाषेच्या जन्मात आहे. १९९४ मध्ये रास्मुस लेर्डॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी, आपला बायोडेटा किती जण बघतात हे कळावं म्हणून, सी भाषेत काही छोटी साधनं लिहिली. ८ जून १९९५ रोजी त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. नाव होतं पर्सनल होम पेज टूल्स. म्हणजे ही भाषा पानाच्या पोटातच वाढली. एचटीएमएल, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या खुणा, लिहिता लिहिता मध्येच पीएचपीचा तुकडा घालायचा, तो संपला की पुन्हा एचटीएमएल. ही तिची मोठी सोय आहे. तिच्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांना पहिल्याच दिवशी पडद्यावर काहीतरी उमटवता आलं. पण एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेल्या ओळी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी चालतात, हे डोळ्यांना दिसत नाही.

मी मुलांना खानावळीच्या डब्याचं उदाहरण देते. पीएचपी हा स्वयंपाकी. मागणी आली की तो डबा भरतो, पाठवतो आणि हात धुऊन मोकळा होतो. ब्राउझर म्हणजे डबा उघडणारा. डबा उघडल्यावर ‘आमटीत मीठ घाला’ असं डब्याला सांगून उपयोग नाही. त्यासाठी खानावळीकडे नवी फेरी मारावी लागते. एकदा एका मुलीनं बटणाच्या ऑनक्लिकमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर ब्राउझरनं काय करायचं ते लिहायच्या जागी, थेट पीएचपी फंक्शनचं नाव लिहिलं होतं. बटण दाबलं की काहीच होत नव्हतं, आणि ती तासभर स्पेलिंग तपासत बसली होती. स्पेलिंग अगदी बरोबर होतं. ते फंक्शन असलेला स्वयंपाकी केव्हाच घरी गेला होता, एवढंच. तिला मी ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू पेज सोर्स’, म्हणजे ब्राउझरला मिळालेला कच्चा मजकूर, उघडायला सांगितलं. “यात तुझं फंक्शन दिसतंय का?” दिसत नव्हतं. दोन मिनिटं ती त्या पानाकडे बघत राहिली, आणि पुढची चौकशी तिनं स्वतःच केली: नवी फेरी मारायची कशी?

आता एक अडचण जरा जवळून बघू, कारण तिच्यात सगळंच आहे. एक मुलगा गावच्या दूध संकलन केंद्रासाठी साइट करत होता. लॉगिन करायचं, सभासदाचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ भरायचं, महिन्याचं बिल काढायचं. घरच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. होस्टिंगवर, म्हणजे साइट लोकांसाठी ठेवतात त्या सर्व्हरवर, चढवलं आणि लॉगिनच होईना. पासवर्ड बरोबर, तरी पुढच्या पानावर जाईना. वर एक लांबलचक इंग्रजी वाक्य. त्यानं ते वाचलं नव्हतं; फक्त शेवटचा आकडा वाचला होता, ओळ ३२. ती ओळ त्यानं पाच तऱ्हांनी लिहून पाहिली होती.

मी म्हटलं, “अरे, वाक्य मोठ्यानं वाच.” वाक्याचा अर्थ असा होता: हेडर बदलता येत नाही, कारण हेडर्स आधीच रवाना झाले आहेत, आउटपुट सुरू झालं ते अमुक फाइलच्या पहिल्या ओळीवर. म्हणजे वाक्यात फाइलींची नावं दोन होती. शेवटी लिहिलेली लॉगिनची फाइल, जिथे पीएचपीला अडचण जाणवली. कंसात लिहिलेली डेटाबेस जोडणीची फाइल, जिथे अडचण जन्माला आली. आग कंसात होती आणि हा बत्तिसाव्या ओळीवर पाणी मारत होता.

ती दुसरी फाइल उघडली. सुरुवातीच्या पीएचपी टॅगच्या, म्हणजे ‘इथून पीएचपी सुरू’ या खुणेच्या, वर एक रिकामी ओळ. बस्स. हेडर म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. ती आधी जाते, जेवण मागून. ‘आता पुढच्या पानावर जा’ हेही तिच्यावरच लिहिलेलं असतं. टॅगच्या बाहेरची ती रिकामी ओळ पीएचपीच्या लेखी पानाचा मजकूरच होता. मजकुराचा पहिला घास निघाला, त्याबरोबर चिठ्ठीही गेली. आता पत्ता बदला म्हटलं तर कसा बदलणार?

मग त्यानं खरा प्रश्न विचारला: “पण मॅडम, घरी का चालत होतं?” मला या प्रश्नाचा फार आनंद झाला. त्याच्या लॅपटॉपवरच्या सेटिंगमध्ये आउटपुट बफरिंग ४०९६ बाइट्सचं होतं. तेवढा मजकूर साठेपर्यंत पीएचपी काहीच बाहेर सोडत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी बदलायला सवड मिळत होती. होस्टिंगवर ते बंद होतं. चूक दोन्हीकडे होती, घरी ती नुसती झाकली गेली होती. अशीच एक न दिसणारी चूक म्हणजे बीओएम, काही एडिटर फाइलच्या आरंभी घालतात ते तीन बाइट्स. रिकामी ओळ निदान दिसते, हे तेही नाही. आणि फाइलमध्ये नुसतं पीएचपीच असेल तर शेवटचा बंद करणारा टॅग लिहूच नका. त्याच्यामागे रेंगाळलेल्या रिकाम्या ओळीही हाच घोळ घालतात.

संदेशातल्या ओळीच्या आकड्याबद्दल आणखी एक. अकराव्या ओळीवर सेमिकोलन राहिला तर पीएचपी बहुधा बाराव्या ओळीवर ओरडतं. ओळ संपली म्हणजे विधान संपलं असं ते मानत नाही. पुढे वाचत जातं आणि जिथे काहीच जुळेनासं होतं तिथे थांबतं. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरही बघायचं. जुन्या आवृत्त्यांत एक संदेश तर ‘पामायिम नेकुदोतायिम’ असा यायचा आणि मुलं घाबरून जायची. तो हिब्रू शब्द आहे, अर्थ दोनदा कोलन. १९९८ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्रायली तरुणांनी नव्यानं घडवली, त्यांच्या भाषेची ती खूण.

संदेशच नसेल, पान पांढरंफटक असेल, तर? तर संदेश दाखवणं बंद आहे, इतकाच त्याचा अर्थ. लोकांसाठी खुल्या असलेल्या साइटवर ते बंदच असावं, पण शिकताना चालू हवं. ते चालू करणारी ओळ त्याच फाइलमध्ये लिहिली आणि त्या फाइलमध्ये व्याकरणाचीच चूक असली, तर ती ओळ चालण्याची वेळच येत नाही. अशा वेळी पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये बदल करा, किंवा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडा.

आता डेटाबेस. दूधवाल्या मुलाकडे सभासदांची नावं इंग्रजी अक्षरांत होती. दोनशे नावं नीट गेली आणि एका नावावर गाडी अडली: डिसोझा. आमच्या भागात, गोव्यात, वसईत हे आडनाव घरोघरी. इंग्रजीत लिहिताना डी नंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण येते. या मुलाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, हे अवतरणचिन्हांत नाव चिकटवून केलेलं वाक्य होतं. ती खूण आली की डेटाबेसला वाटतं नाव तिथेच संपलं, आणि उरलेलं ‘सोझा’ त्याच्या दृष्टीनं निरर्थक आज्ञा. मुलानं काय केलं? नावातली खूण काढून टाकली. मी म्हटलं, “बाळा, माणसाचं नाव बदलून कोड चालवायचा नसतो.” उपाय आहे प्रिपेअर्ड स्टेटमेंट: वाक्य आधी वेगळं पाठवायचं, नाव मागून वेगळं. मग नावात काहीही असो, ते नावच राहतं. जी फट डिसोझांच्या नावानं उघडी पडली तिच्यातूनच कुणी वाईट हेतूनं खरीखुरी आज्ञा घुसवू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच.

बरं, तो कोड त्यानं आणला कुठून? एका जुन्या नोट्समधून. त्यातली मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी ‘मायएसक्यूएल क्वेरी’सारखी फंक्शनं २०१३ च्या ५.५ आवृत्तीतच कालबाह्य ठरली आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० आवृत्तीत काढून टाकली गेली. तरी आजही मुलं ती उतरवून आणतात आणि ‘अनडिफाइंड फंक्शन’ बघून स्वतःला दोष देतात. तुम्ही शिक्षक असाल तर कृपा करून आपल्या नोट्सवर आवृत्तीचा आकडा लिहा. पासवर्ड साठवताना त्याला एमडी५ ही जुनी, आता असुरक्षित पद्धत लावायला सांगणारं पान तर आजच फाडा. २०१३ पासून त्यासाठी पासवर्ड-हॅश फंक्शन भाषेतच आहे.

मराठी मजकुराची अडचण मात्र आपली खास. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. इथेही आधी विचारा, कुठे? पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस थेट बघायच्या साधनात तक्ता उघडून बघा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर माल शाबूत आहे, मधल्या जोडणीचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरांना आकडे द्यायची पद्धत, चुकलाय. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं साठवतानाच गेली, ती परत मिळणार नाहीत. जोडणी आणि तक्ता दोन्हींना मराठी सामावणारा यूटीएफ८एमबी४ हा कॅरेक्टर सेट लावून नव्यानं भरा. आणि अक्षरं मोजताना जपून. ‘मराठी’ शब्दाला स्ट्रलेन हे लांबी मोजणारं फंक्शन पंधरा सांगतं, कारण ते बाइट्स मोजतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ८ मध्ये तीन बाइट्सचं. एमबी-स्ट्रलेन पाच सांगतं: म, र, काना, ठ, वेलांटी. बाइट्स मोजून दहावर शब्द कापलात तर ठ चा एक बाइट लोंबकळत राहतो आणि पडद्यावर चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं.

आता मदत करणाऱ्यांशी दोन शब्द, फार कळकळीनं. समोरच्याचा कीबोर्ड ओढून घेऊ नका. आपल्याला चूक तीन सेकंदांत दिसते, बोटं शिवशिवतात, आणि आपण ती दुरुस्त करून उठतो. तो ‘थँक्यू’ म्हणतो, पण आपण काय बघितलं हे त्याला कळलेलं नसतं. हात मागे ठेवा. “संदेश वाच” म्हणा. “या ओळीआधी या व्हेरिएबलमध्ये काय असेल असं तुला वाटतं?” असं विचारा, त्याचं उत्तर ऐका, आणि मग व्हार-डम्प, म्हणजे व्हेरिएबलमधलं छापून दाखवणारं फंक्शन, लावून प्रत्यक्षात काय आहे ते त्याला बघू द्या. त्याला वाटलेलं आणि प्रत्यक्षातलं जिथे वेगळं निघतं, चूक तिथेच सापडते. आणि ‘एवढं साधं येत नाही?’ हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ देऊ नका. ते ऐकून शिकणं सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

शिकणाऱ्यांनो, विचारायला येताना कोडच्या पडद्याचा फोटो आणू नका. कोड आणा, पूर्ण संदेश आणा, पीएचपीची आवृत्ती सांगा. चारशे ओळी असतील तर कमी करत करत दहावर या. पुष्कळदा पंधरा ओळींपर्यंत पोचता पोचताच चूक हाती लागते.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी इथेच आहे. ज्यांचं काही अडलंय त्यांनी लॅपटॉप घेऊन पुढे या, आणि पडद्यावर आलेला संदेश आधी मला पूर्ण वाचून दाखवा.