झिरो कुठाय?

सकाळचे सात, भोसरी एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप. सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, ऑन झालंय, स्क्रीन पण आली, तरी ऑपरेटर जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, लावत नाहीये. आधी होमिंग, म्हणजे टेबल सरकवून मोजणीचा झिरो शोधणं. रात्री पॉवर बंद केली तेव्हा टेबल कुठं उभं होतं हे या जुन्या मशीनला आता आठवत नाही, कारण ते बिचारं बघत नाही, नुसतं मोजतं.

मोजतो कोण, तर मोटरच्या मागे ती काळी डबी आहे ना, तो एन्कोडर. आत काचेची चकती, तिच्यावर २५०० बारीक रेघा, एका बाजूने लाइट आणि पलीकडे तो लाइट पकडणारे सेन्सर. ए आणि बी असे दोन सिग्नल थोडे मागेपुढे निघतात, आधी कुठला आला त्यावरून दिशा कळते, आणि दोघांचंही चालू होणं-बंद होणं मोजलं की एका फेरीचे १०,००० काउंट. मोटर फिरवते तो स्क्रू एका फेरीत टेबल १० मिलीमीटर सरकवतो, म्हणजे एक काउंट एक मायक्रॉन!

पण मोजायला सुरुवात कुठून करायची? त्यासाठी कडेचा हा प्रॉक्सी, म्हणजे धातू जवळ आला की ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर, दिसायला बोल्टच. आत कॉइल असते, समोर लोखंडी पट्टी आली की सिग्नल बदलतो आणि मागचा बारका दिवा लागतो. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावलीत तर निम्म्याहून जवळ न्यावी लागेल, तेव्हा तो उद्योग करू नका. प्रॉक्सी लागला की टेबल हळू होतं, पट्टी समोरून सुटली की एन्कोडरची झेड पल्स शोधतं, ती फेरीत एकदाच येते, सापडली की तिथं झिरो.

आमच्याकडे एकदा भोक कधी बरोबर पडायचं, कधी १० मिलीमीटर बाजूला. नऊ नाही, अकरा नाही, दहाच! प्रोग्रॅम तपासला, ऑफसेट तपासले, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला शिव्या घातल्या, दोन दिवस गेले. निघालं काय, तर प्रॉक्सीचा नट ढिला. पट्टी सुटायची जागा सरकून झेड पल्सला अगदी खेटली होती, त्यामुळे कधी हीच पल्स मिळायची, कधी पुढच्या फेरीतली.

शेजारच्या नव्या मशीनवर अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर आहे, पॉवर गेली तरी जागा लक्षात ठेवणारा, रोजच्या होमिंगची कटकट नाही. फक्त फेऱ्यांचा हिशोब बॅटरीवर राहतो, आणि बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची, बंद करून काढलीत की झिरो गेला. पॅनलच्या दारावर आतून मार्करने तारीख लिहिलीय, दिसली? ती बॅटरीचीच.