ड्रॉइंग ते खरेदीची यादी

(दृश्य: कुपवाड एमआयडीसी, शेडमध्ये गॅस कटिंग)

सांगलीजवळची कुपवाड एमआयडीसी. 10 एमएमची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट कापली जातेय. मीटर बाय अर्धा मीटर, वजन 39.25 किलो. काट्यावर चढण्याआधीच हे वजन ड्रॉइंगमध्ये असतं, आणि तिथून ते खरेदीच्या यादीत जायला हवं. बहुतेक शेडमध्ये हे काम अजून एक माणूस प्रिंटआउट समोर ठेवून एक्सेलमध्ये टाइप करत करतो.

(दृश्य: स्क्रीनवर साखर कारखान्यातल्या केन कॅरियरचं (ऊस पुढे नेणाऱ्या यंत्राचं) ड्रॉइंग, बलूनवर डबल क्लिक)

पार्टची माहिती देणारी ही खूण, बलून, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट असलेला ब्लॉक, माहितीचे कप्पे जोडलेलं तयार चिन्ह. पार्ट नंबर, साइज, मटेरियल, नग असे चार कप्पे, प्रत्येकाचं नाव म्हणजे टॅग. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची डेटा एक्स्ट्रॅक्शन कमांड हे बाहेर काढते, सेटिंग डीएक्सई फाइलमध्ये ठेवते. सोय चांगली, पण विझार्डपुढे कोणीतरी बसावंच लागतं. ऑटोकॅडची लहान आवृत्ती, एलटी, घेतलेल्यांना तर ती मिळतही नाही.

(दृश्य: काळी खिडकी, सरसर सरकणाऱ्या ओळी)

हा कोअर कन्सोल, फक्त लेखी कमांडवर चालणारा ऑटोकॅड. 2013च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडसोबत येतो आणि ड्रॉइंग पडद्यावर न आणता उघडतो. बॅच फाइलमध्ये, म्हणजे विंडोजला द्यायच्या कमांडच्या यादीत, एक फॉर लूप: प्रत्येक डीडब्ल्यूजी (ड्रॉइंगची फाइल) 'स्लॅश आय'नं द्यायची, स्क्रिप्ट, म्हणजे कन्सोलनं चालवायच्या कमांड, 'स्लॅश एस'नं. स्क्रिप्टमध्ये स्पेस म्हणजे एंटर, म्हणून फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर पाथ अवतरणचिन्हांत. शेवटच्या ओळीनंतर एंटर द्यायचा राहून गेला, की शेवटची कमांड अडकते. बलून वाचून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली फाइल, लिहायचं काम लिस्पचं, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं. त्याचा फोल्डर ट्रस्टेड पाथमध्ये (विश्वासाच्या फोल्डरच्या यादीत) नसेल, तर लिस्प लोडच होत नाही.

नेटवरून उचललेली लिस्प इथे हमखास बंद पडते. कन्सोलमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स नाही, त्यामुळे 'व्हीएलए'नं सुरू होणारी फंक्शन्स बाद. साध्या एसएसगेट फंक्शननं इन्सर्ट (ड्रॉइंगमध्ये ठेवलेले ब्लॉक) निवडायचे, कोड 66 ची किंमत 1, म्हणजे कप्पे असलेले, आणि एंटनेक्स्टनं एकेक अ‍ॅट्रिब्यूट वाचत जायचं. कोड 410 ला, म्हणजे जागेच्या नावाला, 'मॉडेल' द्यायचं, नाहीतर लेआउटवर (प्रिंटच्या पानावर) कॉपी केलेला बलूनही मोजला जातो आणि नग दुप्पट. ब्लॉकच्या नावावर विसंबू नये. डायनॅमिक ब्लॉकचं नाव बदल करताच 'स्टार यू तेवीस' असलं काहीतरी होऊन बसतं. टॅगवरून ओळखावं.

(दृश्य: दोन बलून शेजारी शेजारी, क्लोजअप)

यातला एकच खरा. दुसऱ्यावर कोणीतरी 'बर्स्ट' (ब्लॉक फोडायची कमांड) चालवलाय. नुसता एक्स्प्लोड केला असता तर आकड्यांच्या जागी टॅगची नावं आली असती, लगेच कळलं असतं. बर्स्टमध्ये आकडे जागेवरच राहतात, फक्त साधी अक्षरं होऊन. प्रिंट हुबेहूब तशीच, यादीतून पार्ट गायब. म्हणून लिस्प ड्रॉइंगगणिक ब्लॉकची संख्याही लिहिते, ती हातानं ताडून पाहायची. हा कंटाळा ज्यांना नको, त्यांनी टाइपच करत राहावं.

(दृश्य: एक्सेल)

सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही. पार्ट नंबर 00417 चा 417 होतो, 3-12 ची तारीख होते. एक्सेलच्या पॉवर क्वेरीतून फोल्डर जोडायचा, आणि ती आपणहून टाकते ती 'चेंज्ड टाइप'ची पायरी काढून पार्ट नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवायचा. साइजमध्ये स्वल्पविराम असेल तर लिस्पनंच ती अवतरणचिन्हांत लिहावी, नाहीतर पुढचे कॉलम सरकतात. आणि बॅचच्या सुरुवातीला जुन्या सीएसव्ही पुसाव्यात. फाइल अपेंडनं, म्हणजे आधीच्या मजकुराला भर घालायला, उघडते, कालची यादी आजच्यावर चढते.

(दृश्य: टास्क शेड्युलर, मग स्टोअर)

बॅच रात्री लागते. सर्व्हरचा पाथ पूर्ण लिहिलेला, कारण कोणी लॉगिन नसताना 'झेड ड्राइव्ह' नसतो. सकाळी यादी खरेदीकडे. गाळप हंगामाच्या तोंडावर एखादा शाफ्ट कमी निघाला तर जुळणी थांबते, एवढं यावर अवलंबून असतं.