गाडी भरेपर्यंतची झोप

(दृश्य : कांद्याचे खळे, दुपार.)

उन्हाळ कांद्याच्या हंगामात पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजार समित्यांमध्ये सकाळी लिलाव झालेला कांदा दुपारपर्यंत व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर येऊन पडतो. येथे त्याची प्रतवारी होते, डागी आणि सडका माल बाजूला काढला जातो, उरलेला कांदा जाळीदार गोण्यांत भरून काट्यावर तोलला जातो आणि गोणीचे तोंड सुतळीने शिवले जाते. समोर उभी असलेली बारा टायरची गाडी दिल्लीच्या आझादपूर बाजारासाठी लागली आहे. गोणी 50 किलोची आणि भरती 25 टनांची धरली, तर हमालांना आपल्या पाठीवरून 500 गोण्या या गाडीत चढवाव्या लागतात.

गोण्यांचे थर उभे-आडवे रचले जातात, म्हणजे त्या एकमेकींत बसतात आणि घाटात माल सरकत नाही. कांद्याला वारा लागतो, म्हणून बाजू मोकळ्या ठेवून ताडपत्री केवळ वरून ओढली जाते आणि दोरखंड फाळक्याच्या कड्यांतून ओवून दोन माणसे तो पाय रोवून ताणतात. हे काम पाहत राहावे इतके सफाईदार आहे, आणि आम्ही ते मन भरेपर्यंत पाहिलेही.

(दृश्य : केबिनमध्ये आडवा झालेला चालक.)

या सगळ्या वेळात चालक विश्रांती घेत असतो, असे खळ्यावर कोणालाही विचारले तरी सांगितले जाते. तो सीटच्या मागच्या फळीवर आडवा झालेला आपल्याला दिसतो हे खरे आहे. परंतु कॅमेरा थोडा वेळ तेथेच स्थिर ठेवला की या विश्रांतीचे खरे रूप कळते. गाडी दोन हात मागे घ्यायची म्हणून काचेवर थाप पडते. पुढे दुसऱ्या ढिगाजवळ लावायची म्हणून पुन्हा थाप पडते. त्यानंतर गोण्यांची मोजणी, मग वजनकाट्याची रांग, मग ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात बिल्टीसाठी, म्हणजे मालाच्या वाहतूक-पावतीसाठी, खोळंबा. क्लीनर उस्तादांना, म्हणजे चालकाला, शक्यतो उठवत नाही, पण त्याच्याकडे परवाना नसल्यामुळे गाडी हलवायची वेळ आली की त्याचाही नाइलाज होतो. दुपारपासून रात्री नऊपर्यंतच्या या काळात झोपेचे जे तुकडे पदरात पडतात, त्यांपैकी एकही गाढ झोपेपर्यंत पोहोचत नाही, आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये तो पोहोचावा अशी अपेक्षा करणेही कठीण आहे.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, मात्र सर्वसाधारणपणे हे यंत्र इंजिन चालू असतानाच थंडावा देते आणि चालक झोपतो तेव्हा इंजिन बंद असते.

(दृश्य : रात्रीचा मुंबई-आग्रा महामार्ग.)

रात्री साडेनऊच्या सुमारास गाडी महामार्गाला लागते. चालक सकाळी सहाला उठलेला असेल आणि दुपारचे तुकडे झोपेत धरले नाहीत, तर मालेगाव ओलांडताना त्याच्या जागेपणाला 17 तास झालेले असतात. इतका वेळ सलग जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे 1997 पासूनच्या प्रयोगांत आढळले आहे, आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची मद्याची मर्यादा त्याहून कमी, म्हणजे 0.03 टक्के आहे. नाक्यावर तोंडाजवळ धरले जाणारे यंत्र मद्य ओळखते. जागरण ओळखणारे यंत्र पोलिसांच्या हाती नाही.

धुळे मागे पडते तेव्हा एक वाजत आलेला असतो. शिरपूर आणि पळासनेर पार करून बिजासन घाटाच्या चढाला गाडी लागते ती पहाटे तीनच्या आसपास, म्हणजे शरीराचे तापमान उतरणीला लागलेले आणि झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते नेमक्या त्या प्रहरात. एरवी या घाटाची भीती वाटते, पण झोपेच्या बाबतीत तो चालकाचा मित्र आहे, कारण वळणे आणि गिअर यांत हात-पाय-डोळे गुंतलेले राहतात. पेंग येते ती घाट संपल्यावर, सेंधव्याच्या पुढे, जेथे रस्ता सरळ होतो आणि करण्यासारखे काही उरत नाही.

(दृश्य : ढाब्यावरच्या बाजा, चहा, तोंडावर पाणी मारणारे चालक.)

ढाब्यावर जे उपाय चाललेले दिसतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. तोंडावर गार पाणी मारणे, काच उघडी ठेवणे, गाणी मोठ्याने लावणे किंवा तंबाखूचा बार भरणे यांनी काही मिनिटे हुशारी वाटते आणि झापड पुन्हा येते. चहा अधिक उपयोगी आहे, पण त्याचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, हे लक्षात घेऊन तो प्यायला हवा. जाणते चालक चहा पिऊन लगेच बाजेवर आडवे होतात आणि 20 मिनिटांनी क्लीनरला उठवायला सांगतात. डुलकी आणि चहा यांची ही सांगड झोपेच्या अभ्यासकांनाही मान्य आहे. डुलकी त्याहून लांबली, तर उठल्यावर डोके जड राहते आणि तशा अवस्थेत लगेच चाकावर बसू नये. मात्र ही डुलकी वेळ मारून नेण्यापुरतीच असते आणि पुऱ्या रात्रीची झोप तिने भरून निघत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

बाजेवर पाठ टेकून दहा मिनिटे होत नाहीत तोच फोन वाजतो. गाडीला जीपीएस बसवलेले असल्यामुळे ती थांबल्याचे मालकाला घरबसल्या दिसते, आणि आझादपूरच्या व्यापाऱ्याला भाव उतरण्यापूर्वी माल हवा असल्याने तो मालकाच्या मागे लागलेला असतो. युरोपात ट्रकमधील टॅकोग्राफ चालकाचे तास नोंदवतो आणि साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती घेतली की नाही हे त्यावरून तपासले जाते. आपल्याकडच्या यंत्राच्या नोंदींवरूनही तसे तपासता येईल, पण सध्या त्यावर फक्त गाडी का थांबली एवढेच पाहिले जाते.

पिंपळगाव ते दिल्ली हे अंतर सुमारे 1,200 किलोमीटर आहे. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर धरला, तर नुसते चालवण्याचेच 30 तास होतात. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तासांचे काम, लांब पल्ल्यासाठी 10 तासांपर्यंत सवलत, सलग 5 तासांनंतर अर्धा तास आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग 9 तासांची विश्रांती ठरवली होती. या हिशेबाने प्रवासाला किमान तीन दिवस लागायला हवेत. बाजार मात्र दोन दिवसांची अपेक्षा धरतो. पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या व्यवसायांना हा कायदा सहसा लागूच होत नव्हता, त्यामुळे एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या बाहेर राहिले. शिवाय कामाच्या तासांच्या व्याख्येत तळावर नुसते थांबून राहण्याचा वेळ 15 मिनिटांहून कमी असेल तरच धरला जात होता. खळ्यावरची अख्खी दुपार त्यात कोठे बसणार?

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती अपघात झोपेमुळे झाले हे सांगता येत नाही, कारण कारणांच्या सरकारी तक्त्यात अतिवेगाला रकाना आहे आणि झोप 'इतर' मध्ये जाते.

यावर उपाय करून पाहिले गेलेच नाहीत असे नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो या कंपनीने काही तासांनी चालक बदलायचा आणि पहिल्या चालकाने दुसरी गाडी घेऊन घराकडे परतायचे, अशी टप्प्यांची पद्धत चालवली होती. एकट्या गाडीच्या मालकाला ते जमणारे नाही. त्याच्यासाठी जुना मार्ग म्हणजे जोडीला दुसरा चालक, पण त्याचा पगार फेरीच्या भाड्यातूनच निघायला हवा आणि धावत्या गाडीतली झोप हलकीच राहते. त्यापेक्षा खळ्यावरच परवानाधारक माणूस ठेवून त्याने गाड्या मागेपुढे कराव्यात आणि चालकाने जवळच्या खोलीत पाच-सहा तास झोपून निघावे, ही व्यवस्था आम्हाला अधिक स्वस्त आणि शक्य कोटीतली वाटते.

(दृश्य : दिल्लीच्या सीमेवरील गाड्यांची रांग, नंतर आझादपूर.)

दिल्लीत अवजड गाड्यांना दिवसाच्या ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असल्यामुळे वेळ चुकली की सीमेवर थांबणे आले, आणि बाजारात शिरल्यावर गाडी खाली होईपर्यंत पुन्हा थांबणे आले. परतीचा माल कधी एका दिवसात मिळतो, कधी तीन दिवस मिळत नाही. त्या दिवसांत चालक भरपूर झोपतो, पण दिवसा झोपण्याची सवय लागलेले शरीर पुढच्या भरतीच्या दुपारी ताळ्यावर येईलच असे नाही.

ठरलेल्या मुदतीत गाडी खाली झाली नाही, तर मालक पार्टीकडे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे पैसे, मागतो आणि पुष्कळदा ते मिळतेही. म्हणजे थांबण्याचे तास मोजण्याची पद्धत या धंद्यात जुनीच आहे. हॉल्टिंगची पावती गाडीच्या नंबरावर फाडली जाते आणि चालकाचा भत्ता मात्र फेरीवर ठरतो.