मिनासबाते: बाजारातली भाषा

सोर्सोगोनच्या पिलार बंदरातून बोट निघते ती थेट मासबातेला. सरकारी कागदांवर हा प्रांत फिलिपिन्सच्या बिकोल विभागात येतो, पण बोटीतून उतरून मासळीबाजारात शिरलात की कानावर पडते ती बिकोल नाहीच, ती आहे मासबातेन्यो, म्हणजे विसाया बेटांवरच्या हिलिगायनोन आणि वाराय भाषांची बहीण. घर म्हणजे बालाय, सूर्यालाही आदलाव आणि दिवसालाही आदलाव, आणि सकाळी कुणी भेटलं की "मआयो ना आगा".

इथली माणसं आपल्या भाषेला मिनासबाते पण म्हणतात. हे नाव जरा नीट बघा, मासबाते शब्दातल्या पहिल्या म नंतर 'इन' घुसवलाय, झालं मिनासबाते! मागे नाही, पुढे नाही, शब्दाच्या पोटातच प्रत्यय. मला तर या एका शब्दावरच जीव जडला.

प्रांतात मासबाते, तिकाओ आणि बुरियास ही तीन मोठी बेटं, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९ लाखांच्या वर. पण सगळ्यांची घरची भाषा एक नाही हं. आग्नेयेला काताइंगानकडे सेबुआनो, पश्चिमेला हिलिगायनोन, बुरियासवर बिकोल, आणि ही सगळी माणसं मासबाते शहरात कामाला, बाजाराला येतात तेव्हा एकमेकांशी बोलायला मासबातेन्यो असतेच.

एवढं असूनही शाळेत तिचा नंबर मागेच राहिला. २०१२ पासून देशात पहिलीपासून मातृभाषेत शिकवायचं ठरलं तेव्हा आधी १२ भाषा निवडल्या, नंतर ७ वाढवल्या, मासबातेन्यो त्या १९ मधे नव्हती, आणि २०२४ मधे तर कायदा करून मातृभाषेतून शिकवायची सक्तीच काढून टाकली. वाईट वाटतं हो, कारण २००१ मधे एल्मर वोल्फेंडन यांनी केलेला मासबातेन्यो-इंग्रजी शब्दकोश आलेला आहे, म्हणजे शब्द कागदावर तयार होते.

मासबाते गुरांसाठी प्रसिद्ध. गाय म्हणजे बाका, घोडा म्हणजे काबायो, दोन्ही शब्द स्पॅनिश लोकांनी मागे ठेवलेले. १९९३ पासून इथे रोडिओ भरतो, दोरीचा फास टाकून बैल पकडतात, आणि बैल उधळला की अख्खं मैदान एकदम ओरडतं.