कोण्या दहिगावचे रंगनाथ?

(दृश्य : सकाळ. फाट्यावर थांबलेली एसटी. डिक्कीतून खोकं उतरतं.)

खोक्यावर हरभऱ्याच्या पोत्याची धूळ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव, खारपाणपट्टा. जमीन काळीभोर आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्यांत सार्वजनिक वाचनालय, वर्ग 'ड'. टेप फाडायला ताईंनी विळा घेतलाय. ताई म्हणजे इथल्या ग्रंथपाल, आणि शिपाईही त्याच.

आत पुनर्मुद्रित पुस्तकं. गुळगुळीत कव्हरं, नव्या गोंदाचा वास. पहिल्या दोन पुस्तकांच्या पाठीवर एकच नाव : व्ही. के. राजवाडे. ताईंनी दोन्ही एकावर एक ठेवली. आता यादीत एकाच्याच नावावर चढतील.

(दृश्य : दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी. पाठीवरची अक्षरं.)

पण ही दोन माणसं आहेत. एक विश्वनाथ काशिनाथ, इतिहासाचार्य. जुनी दप्तरं धुंडाळत आयुष्यभर हिंडलेले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली आला, पुढं 22 खंड झाले. दुसरे वैजनाथ काशिनाथ, त्यांचे थोरले भाऊ. वेदांचे अभ्यासक, वैदिक शब्दांची फोड करणारं यास्काचं निरुक्त मराठीत आणणारे. मराठीत एक वि. का. आणि दुसरे वै. का. वेलांटी आणि मात्रा दोघा भावांना वेगळं ठेवते. इंग्रजी आद्याक्षरांत दोघंही व्ही. के., म्हणजे कपाटात एकाच खणात.

(दृश्य : पानं उलटणारा हात. एका पानावर कॅमेरा स्थिर.)

हे पान जवळून बघा. कडेला करडा डाग दिसतोय, तो अंगठा आहे. जुनं पुस्तक स्कॅन करणाऱ्या कुणाचा तरी अंगठा, मजकुरासकट छापला गेलेला. पुढं चला. इथं घडीचा नकाशा होता. घडी कुणी उलगडलीच नाही, तशीच स्कॅन झाली. त्यामुळं नकाशातल्या नद्या अर्ध्यात संपतात. या पानावर मूळ वाचनालयाचा गोल शिक्का आलाय, अक्षरं पुसट. आणि सुरुवातीला जिथं शीर्षकपान असायचं, लेखकाचं पूर्ण नाव, हुद्दा, छापखाना, शक, तिथं नव्या प्रकाशकाची जाहिरात.

यात बेकायदेशीर काहीच नाही. लेखक गेल्यावर 60 वर्षांनी हक्क संपतो. इतिहासाचार्य गेले 1926 च्या 31 डिसेंबरला. आज ते कुणीही छापावेत. छापतात हेही बरंच आहे, नाहीतर ही पुस्तकं या गावापर्यंत कशी आली असती? आमची तक्रार एका पानापुरती आहे. लेखक कोण, कुणाचा, कुठला, हे सांगणारं तेच पान होतं.

(दृश्य : लाकडी कपाट. कापडी बांधणीची जुनी दाखल नोंदवही.)

ही वही 1967 च्या ग्रंथालय कायद्याच्याही आधीची. टाकानं लिहिलेली, शाई आता तपकिरी. वाचनालय सांभाळणाऱ्या कुण्या गुरुजींचं अक्षर आहे. रकाने बघा : दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, पृष्ठे, किंमत, शेरा. लेखकाच्या रकान्यात गुरुजी कधी आद्याक्षरांवर भागवत नाहीत. 'मोडक, बाळाजी प्रभाकर' असं पुरतं लिहितात. एकदा रसायनशास्त्राच्या पुस्तकासमोर, एकदा दक्षिणेतल्या मुसलमानी राज्यांच्या इतिहासासमोर, आणि शेऱ्यात दोन्हीकडं 'हे तेच'. गुरुजींना ठाऊक होतं, पुढचा माणूस म्हणणार की रसायन शिकवणारा बहामनी इतिहास कशाला लिहील! कोल्हापूरच्या या प्राध्यापकांनी तो लिहिला. आणि खाली दोन ओळी सोडून 'मोडक, जनार्दन बाळाजी', शेरा : 'हे निराळे'. 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढणाऱ्यांतले हे मोडक.

तीन वर्षांपूर्वी संगणकावर यादी झाली, ती पुस्तकांच्या पाठी वाचून झाली. नव्या प्रती आल्या म्हणून पोतंभर जुनी पुस्तकं निर्लेखित होऊन, म्हणजे नोंदीतून काढून, रद्दीत गेली. त्याचं चित्र आमच्याकडं नाही.

(दृश्य : वाचनालयाची ओसरी. फळा. आठवीतली मुलगी खडू घेऊन.)

आता हा फळा. झालं असं, की खोक्यात 'महाभास्करीय' हा ग्रहगणिताचा जुना ग्रंथ निघाला आणि मलपृष्ठावर छापलेलं, 'लीलावतीच्या कर्त्याचा ग्रंथ'. ताई म्हणाल्या, "मले तं भास्कर एकच ठाव होता बाप्पा." त्यांचंही काय चुकलं? गावात चार भास्कर आहेत, पण त्यातला गिरणीवाला कोणता आणि टेलर कोणता हे सगळ्यांना कळतं.

मुलीनं फळ्यावर लिहिलंय : रसगुणपूर्णमही. लीलावतीच्या कर्त्यानं आपलं जन्मसाल असं शब्दांत बांधून ठेवलंय. रस सहा. गुण तीन. पूर्ण म्हणजे शून्य. मही, पृथ्वी, एक. डावीकडून लिहिलं तर 6, 3, 0, 1. अंकांची चाल उलटी असते म्हणून उजवीकडून वाचायचं : 1036. हा शक. त्यात 78 मिळवा. खडू मोडला, थांबा. 1114. पुढच्या ओळीत पुन्हा रसगुण, म्हणजे 36. छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला.

आणि 'महाभास्करीय'वाल्या भास्करांची आर्यभटीयावरची टीका, म्हणजे त्याचं विवरण, आहे इसवी सन 629 ची. दोघांत जवळजवळ पाचशे वर्षं. मलपृष्ठानं ती एका ओळीत मिटवली. आर्यभटही दोन, 499 च्या 'आर्यभटीया'चे एक आणि पुढं 'महासिद्धान्त' लिहिणारे दुसरे. गंमत म्हणजे या दुसऱ्यांचा संबंधच नसताना अकराव्या शतकातल्या अल-बेरुनीनं पहिल्या आर्यभटांचेच दोन केले होते. विद्वानांचंही होतं असं.

(दृश्य : पूर्णेचं पात्र. पाणी कमी, काठावर बाभळी. ड्रोन.)

ही नदी मुद्दाम दाखवतोय. जुन्या ग्रंथांत हिला पयोष्णी म्हणतात, असं बरेच अभ्यासक मानतात. पयोष्णीकाठी, विदर्भात, दधिग्राम. तिथल्या ज्योतिषी घराण्यातले बल्लाळ काशीला गेले. त्यांचे एक चिरंजीव कृष्ण दैवज्ञ, जहांगीर बादशहाच्या मर्जीतले. लीलावतीवाल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्यांची टीका आहे. दुसरे चिरंजीव रंगनाथ. यांनी सूर्यसिद्धान्त या ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथावर टीका लिहिली, शके 1525, म्हणजे 1603 साली. ते स्वतःच लिहून ठेवतात, की ही टीका आणि माझा मुलगा मुनीश्वर एकाच वेळी जन्माला आले.

खोक्यातल्या शेवटच्या पुस्तकावर नुसतं 'रंगनाथ'. आणि त्याच काशीत, त्याच शतकात दुसरे रंगनाथ होते! गोदावरीकाठच्या गोलग्रामच्या घराण्यातले, ज्योतिषी कमलाकरांचे भाऊ. ग्रहांची स्थानं काढण्याच्या मुनीश्वरांच्या रीतीचं त्यांनी खंडन लिहिलं. म्हणजे एक रंगनाथ मुनीश्वरांचे वडील, दुसरे त्यांचे प्रतिस्पर्धी. दोन दख्खनी घराण्यांची ही भांडणं वाचायला मोठी चवदार आहेत, पण आपल्याकडं वेळ कमी.

(दृश्य : ताई जुन्या वहीसमोर. पारावरून आलेले एक आजोबा दारात.)

ताईंनी संगणक बंद केला. बंद म्हणजे वीज गेली. गुरुजींच्या वहीत शेवटची काही पानं कोरी होती, तीच काढली.

राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ. शेरा : धाकटे.
राजवाडे, वैजनाथ काशिनाथ. शेरा : थोरले.
भास्कर. शेरा : लीलावतीवाले नव्हेत.
रंगनाथ, बल्लाळांचे. मुनीश्वरांचे वडील. दधिग्राम.

"म्हंजे आपल्या इकडचं दहिगाव का?" आजोबा विचारतात. ताई मान हलवतात.

"मंग कोन्त्या दहिगावचे? दहिगाव रेचा का दहिगाव अवताडे?"

(दृश्य : वहीचं पान, जवळून.)

ताईंनी पेनाला टोपण लावलं. ड्रॉवरमधून पेन्सिल काढली. दधिग्रामपुढं एक बारीक प्रश्नचिन्ह.