प्रश्न मे महिन्याचा आहे

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पुढच्या दोन रांगा नेहमी रिकाम्याच असतात, आणि मी काही रोल नंबर विचारणार नाहीये. तर सरळ मुद्द्यावर येतो. झाडं लावायला आपल्या कॉलेजमध्ये माणसं कमी नाहीत, जुलैत तर फोटोत मावत नाहीत एवढी येतात. प्रश्न मे महिन्याचा आहे.

वनमहोत्सव देशभर सुरू झाला १९५० मध्ये, कन्हैयालाल मुन्शी तेव्हा केंद्रात अन्न आणि शेतीमंत्री होते, इथे मुंबईतच वकिली केलेला माणूस. जुलैचा पहिला आठवडा निवडला तो बरोबरच होता, पाऊस असतो, रोप लावलं की पाण्याची काळजी नाही. पण हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ आठ महिने आभाळातून काही नाही, आणि आपलं टाइमटेबल बघा, दिवाळीच्या आसपास परीक्षा, मार्च-एप्रिलमध्ये परत परीक्षा, मग जूनपर्यंत गेट बंद. रोपाला सगळ्यात जास्त पाणी लागतं तेव्हा आपण सगळे गावाला आंबे खात असतो. जा की, मीपण जातो. फक्त आपल्या मागे पाणी कोण घालणार ते जुलैतच ठरवून टाका.

दुसरं म्हणजे एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं. दोन वर्षांत सेवेचे २४० तास भरले की तुम्ही सुटलात, पण झाडाला निदान तीन उन्हाळे सांभाळावं लागतं. म्हणून एका झाडाला दोन नावं द्यायची, एक एफवायचं म्हणजे पहिल्या वर्षाचं आणि एक एसवायचं म्हणजे दुसऱ्या वर्षाचं, वरचा गेला की खालचा वर सरकतो आणि नवीन एफवाय येतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठेवू नका हे, परीक्षेनंतर ग्रुप म्यूटच असतात. माळीकाकांच्या खोलीत एक वही लटकवा, तीच चालेल. आणि माळीकाकांना नुसतं हुकूम सोडायला जाऊ नका, त्यांना कुठल्या नळाला किती प्रेशर येतं आणि पाइप कुठपर्यंत पुरतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

आता खड्डा. मुंबईत कुठेही पहार मारा, वीतभर मातीखाली राबिट लागतं, फरशीचे तुकडे, विटा, सिमेंटचे गोळे, जुनी इमारत पाडली की ते तिथेच पसरवून वर माती टाकलेली असते. दोन फूट खोल, दोन फूट रुंद खणा, राबिट बाहेर काढा, लाल माती आणि शेणखत घाला. काळी पिशवी फाडून काढायची, हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय, पिशवीसकट पुरलेली रोपं मी बघितलीयेत, मुळं आतल्या आत गोल फिरून गुदमरतात. आणि बुंध्याभोवती सुका पाला पसरा, मातीतला ओलावा टिकतो, फक्त खोडाला चिकटवून ढीग लावू नका, खोड कुजतं. आपण काय करतो, तोच पाला झाडून गोण्यांत भरतो आणि महापालिकेच्या गाडीत देतो आणि मग नर्सरीतून खत विकत आणतो!

पाण्यासाठी एसीकडे बघा. ऑफिस आणि कॉम्प्युटर लॅबचे एसी मे महिन्यातपण चालू असतात आणि त्यांचं पाणी नळीतून भिंतीवर टपकत असतं. ते हवेतल्या दमटपणाचंच पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात, झाडाला चालतं. नळीखाली ड्रम ठेवला की झालं. पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनचं वेस्ट पाणी मात्र रोज रोज नको, त्यात क्षार साठलेले असतात.

कुठलं झाड हे मला दरवर्षी विचारतात आणि उत्तर दरवर्षी गुलमोहर नाही हेच असतं. तो मूळचा मादागास्करचा, दिसतो छान, पण फांद्या ठिसूळ आणि मुळं वरवर, पावसात कोसळतो. आपल्याकडे पाणी तुंबतं त्या कोपऱ्यात तामण लावा, आपलं राज्यफूल आहे, ओढ्याकाठी वाढणारं झाड, त्याला तुंबलेलं पाणी सोसतं. समुद्राकडच्या बाजूला करंज किंवा उंडी. कॅन्टीनसमोर बहावा मागू नका, ऐन उन्हाळ्यात त्याची पानं गळालेली असतात, फुलं भरपूर पण सावली नाही.

आणि हे कमिटीला आवडणार नाही तरी बोलतो. पार्किंगजवळच्या जुन्या झाडांच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक अगदी चिकटवून बसवलेत. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाने, २०१३ मध्येच सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको. ते ब्लॉक उखडले तर नवीन पन्नास रोपांपेक्षा जास्त काम होईल असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही. या वर्षी रोपं पाचच लावूया आणि बाकीचे हात तिकडे लावूया.

तर वही इथे टेबलावर ठेवतोय. सुट्टीत मुंबईतच राहणारे आणि दोन-तीन स्टेशनांच्या आतले, त्यांनी मे महिन्याच्या पानावर नाव लिहा, बाकीच्यांनी ऑक्टोबर ते एप्रिल वाटून घ्या. शनिवारी सकाळी सातला सुरू करू. पहारी आपल्याकडे दोनच आहेत, कुणाच्या सोसायटीत तिसरी असेल तर घेऊन या.